दहा वर्षांची किमान शिक्षा : कायदा तस्करांसाठी, तुरुंग गरिबांसाठी

गांजाचे वजन १९ किलो ९०० ग्रॅम भरले, तर न्यायाधीश आरोपीचे वय, त्याची परिस्थिती आणि गुन्ह्यातला त्याचा वाटा पाहून वर्षभराचीही शिक्षा देऊ शकतो. तेच वजन २० किलो १०० ग्रॅम भरले की न्यायाधीशाचे हात बांधले जातात. मग दहा वर्षांच्या खाली एक दिवसही उतरता येत नाही. दंडही एक लाखाच्या खाली येत नाही. आरोपी मालाचा मालक आहे की चार पैशांच्या मजुरीवर पिशवी वाहणारा हमाल आहे, हे न्यायाधीशाला दिसत असते. पण दिसूनही त्याला काही करता येत नाही. दोनशे ग्रॅमचा फरक आणि माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षे! याला न्याय म्हणायचे की वजनकाटा?

हा कायदा १९८५ चा. अंमली पदार्थांविरोधातल्या या कायद्याला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे एनडीपीएस म्हणूनच ओळखतात. आंबेडकरी चळवळीच्या व्यासपीठावर या कायद्याची चर्चा फारशी होत नाही. ॲट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती, गायरान हे आपले विषय. ड्रग्ज म्हणजे बड्या बापाच्या पोरांच्या पार्ट्या, असा आपला समज. हा समज आता सोडला पाहिजे. तुरुंगाच्या दारात मुलाखतीसाठी रांग लावून उभ्या असलेल्या आयाबहिणी पाहा. त्या कुठल्या वस्तीतून आल्या आहेत, हे कोणाला विचारावे लागत नाही.

सरकारचीच आकडेवारी घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालानुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. या कच्च्या कैद्यांत सुमारे पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या शेकडा १६.६. संसदेत, सचिवालयात, उच्च न्यायालयाच्या बाकावर आपले प्रमाण भरता भरत नाही. तुरुंगात मात्र ते भरून उतू जाते!

कायदा आला कसा?

१९८५ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस हे विधेयक लोकसभेत आले आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटलीसुद्धा. महिनाही लागला नाही. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अंमलात आला. दलितांवरील अत्याचाराच्या कायद्याला स्वतंत्र भारतात १९८९ साल उजाडावे लागले, ही घाई त्याच्या शेजारी ठेवून पाहावी.

मूळ कायद्यात हेरॉईन, चरस, अफू यांच्या बहुतेक गुन्ह्यांना सरसकट किमान दहा वर्षे होती. १९८९ च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला. जामीन जवळजवळ बंद केला, शिक्षेत सूट बंद केली आणि काही गुन्हे दुसऱ्यांदा केले तर फाशी सक्तीची केली. पुढे सरकारलाच कळून चुकले की या जाळ्यात मोठा मासा येत नाही, चिंगळ्याच येतात. म्हणून २००१ मध्ये अल्प, मधले आणि व्यापारी असे प्रमाणाचे तीन टप्पे केले. गांजाला एक किलो आणि वीस किलो, हेरॉईनला पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम, चरसला शंभर ग्रॅम आणि एक किलो, अशा रेषा ओढल्या. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंत, मधल्याला दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे शिक्षा आहे. पहिल्या दोन टप्प्यांत खालची मर्यादा नाही, म्हणजे न्यायाधीशाला माणूस पाहता येतो. तिसऱ्या टप्प्यात त्याने फक्त काटा पाहायचा.

आणि हा काटा तरी काय मोजतो? समजा एका पोराजवळ तीनशे ग्रॅम भुकटी सापडली. तपासणीत निघाले की त्यात हेरॉईन शेकडा चारच आहे, म्हणजे बारा ग्रॅम; बाकी सगळी भेसळ. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई. मायकेल राज खटल्यात सांगितले की शुद्ध पदार्थाचेच वजन धरा. सरकारने २००९ मध्ये अधिसूचना काढून ते फिरवले आणि २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. आता भेसळीसकट सगळे वजन मोजले जाते. बारा ग्रॅमवाला पोरगा त्यामुळे व्यापारी ठरतो. शुद्ध मालाचा सौदा वरच्या पायरीवर होतो. भेसळ वाढत वाढत खालच्या पायरीपर्यंत येते. म्हणजे जितका गरीब विक्रेता, तितकी त्याच्या पुडीत भेसळ जास्त आणि भेसळीचीही शिक्षा त्यालाच!

कच्च्या कैदेतच शिक्षा

शिक्षा तरी निकालानंतर लागते. या कायद्यात ती अटकेच्या दिवशीच सुरू होते. कलम ३७ म्हणते की व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी दोषी नाही, असे मानायला वाजवी आधार आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटला उभा राहण्याआधीच निर्दोषपणा दाखवायचा, तोही कोठडीत बसून. शिवाय कलम ३५ आणि ५४ नुसार आरोपीची गुन्हेगारी मनोवृत्ती गृहीत धरली जाते आणि ती खोडून काढण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर. माणूस जन्मतःच गुन्हेगार असे गृहीत धरणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्या पारधी, कैकाडी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. पण आधी गुन्हेगार धरा, मग त्याला निर्दोष ठरू द्या, ही वृत्ती रद्द झाली नाही.

मुंबईतले एनडीपीएसचे खटले इतके रखडले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये न्यायालयाने आदेश दिला : किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यात जो पाच वर्षे कच्ची कैद भोगून बसला आहे, त्याला जामिनावर सोडा. आपल्या लोकांना हायसे वाटावे असाच आदेश. पण अट काय? एक लाखाचा जामीन आणि तितक्याच रकमेचे दोन जामीनदार! १९९४ मध्ये एक लाख! नाक्यावर उभा राहणारा बिगारी, कचरा वेचणारी बाई यांनी दोन लखपती कुठून आणायचे? कायद्याचे दार उघडले, पण उंबरठाच छातीएवढा ठेवला.

२०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढलेल्या तरुणाला जामीन दिला. खटला अकारण रेंगाळत असेल तर कलम ३७ आड येऊ शकत नाही आणि तुरुंगाचा मार दुर्बळ घटकांनाच सर्वात जास्त बसतो, हेही न्यायालयाने नोंदवले. आम्ही या निकालाचे स्वागत करतो. पण सात वर्षे गेली ती गेली. तेविसाव्या वर्षी आत गेलेला माणूस तिशी ओलांडून बाहेर येतो, तेव्हा त्याला कोण नोकरी देतो?

याच्या शेजारी मुंबईतले २०२१ चे क्रूझ प्रकरण ठेवा. एका नामवंत घरातल्या मुलासाठी देशातले नामांकित वकील उभे राहिले, साधारण चार आठवड्यांत तो जामिनावर सुटला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी आरोपपत्रात त्याचे नावच आले नाही. आमची त्याबद्दल तक्रार नाही. पुरावा नसेल तर कोणाचेही पोर आत राहू नये. आमचा प्रश्न इतकाच आहे की त्याच महिन्यात त्याच शहरात पकडलेल्या झोपडपट्टीतल्या पोरांचे कागद कोणी इतक्या काळजीने तपासले?

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा शेकडा नव्वदांहून अधिक अटका स्वतःच्या सेवनासाठीच्या निघाल्या. बहुतेक गांजाच्या, आणि पकडलेले बहुतेक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, पदपथावरचे. ही छोटी प्रकरणे. दंड भरून, गुन्हा कबूल करून माणूस सुटतो. पण कबुली दिली की तो दाखलेबाज झाला. पुढच्या वेळी पोलिसांना तोच हवा असतो. आणि गंमत अशी की या कायद्याच्या व्याख्येत भांग बसतच नाही. त्याच झाडाची पाने घोटून सणाला प्यायली तर ती परंपरा. त्याच झाडाचे शेंडे चिलमीत भरले तर तो गुन्हा. व्याख्या करणाऱ्यांना कोणाची नशा ओळखीची होती, ते यावरून समजावे.

अमेरिकेत काय घडले?

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. निग्रोंचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न एकमेकांना किती जवळचा आहे, हे ते जाणून होते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. म्हणून तिकडच्या लढ्याचा हाही धडा घ्यायला हवा.

१९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅक कोकेनला किमान पाच वर्षे कैद. तीच पाच वर्षे पांढऱ्या कोकेन भुकटीला हवी असतील तर ती पाचशे ग्रॅम पाहिजे. पदार्थ एकच, पण शंभरास एक असा भेद. क्रॅक स्वस्त, काळ्या वस्त्यांत मिळणारे. भुकटी महाग, गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जाणारी. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांपैकी दहातले आठ कृष्णवर्णीय निघत. कायद्यात कुठेही 'काळा' हा शब्द नव्हता. तो लिहावाच लागला नाही. ग्रॅमचा आकडा लिहिला, तेवढ्यात काम झाले.

तिथल्या आयाबहिणींनी, वकिलांनी, चर्चमधल्या धर्मोपदेशकांनी, खुद्द न्यायाधीशांनी चोवीस वर्षे हा प्रश्न लावून धरला. २०१० मध्ये शंभराचे प्रमाण अठरावर आले. २०१८ च्या कायद्याने ते जुन्या कैद्यांनाही लागू झाले आणि किमान शिक्षेखाली उतरण्याची न्यायाधीशाची मुभा वाढली. अठराचा भेद उरलाच. तो लढा संपलेला नाही. पण किमान शिक्षा ही दगडावरची रेघ नव्हे, लोकांनी रेटा लावला तर ती पुसते, हे तिथे सिद्ध झाले.

ॲट्रॉसिटीचे काय?

इथे कोणीतरी आम्हाला अडवील. वकीलसाहेब, ॲट्रॉसिटी कायद्यातही किमान शिक्षा आहे, त्यातही अटकपूर्व जामीन नाही. तिथे तुम्ही तो कडक हवा म्हणता आणि इथे सैल हवा म्हणता. हा दुटप्पीपणा नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला देता आले पाहिजे. ॲट्रॉसिटीच्या कलम ३(१) मधल्या अपराधांना किमान शिक्षा सहा महिन्यांची आहे, दहा वर्षांची नव्हे. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत न्यायाधीशाला विवेक वापरता येतो. कलम १८ अटकपूर्व जामीन अडवते. अटकेनंतरच्या नेहमीच्या जामिनाला त्यात कलम ३७ सारख्या अटी नाहीत. आणि मूळ फरक याहून मोठा आहे. ॲट्रॉसिटीत समोर एक पीडित माणूस असतो आणि आरोपी बहुधा गावात सत्ता, जमीन, जात यांच्या बळावर उभा असतो. तो कायदा बलवानाला आवरण्यासाठी आहे. एनडीपीएसच्या खटल्यात समोर असतो मुद्देमाल, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा साखळीतला सर्वात दुबळा दुवा. ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरातून गांजा निघतो, तो वाहून आणणारे आदिवासी मजूर, ट्रकचे क्लीनर, रेल्वेने पिशव्या नेणाऱ्या बायका पकडल्या जातात. पैसा लावणारा कधी पिशवीला हात लावत नाही, म्हणून काटा त्याला कधीच मोजत नाही. कायदा कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध चालतो, हे पाहूनच त्याची परीक्षा करावी लागते.

पंचशील आणि तुरुंग

दुसरा आक्षेप घरातलाच. आपण पंचशील घेतलेली माणसे. मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा रोज करतो. मग गांजावाल्यांची वकिली का?

आम्ही गांजाची वकिली करत नाही. आमच्या वस्त्यांत दारूने आणि आता पुडीने काय वाटोळे केले आहे, ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण पाचवे शील ही स्वतः घेतलेली शिकवण आहे. ती कोणी बेडी घालून देत नाही. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राजाच्या राज्यात चोर-लुटारू माजलेले असतात. तेव्हा त्याचा पुरोहित सांगतो की देहदंड देऊन, कैदेत टाकून हा उपद्रव मिटणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकांना वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांच्या धम्माने सांगितलेली ही गोष्ट आजच्या सरकारला कळत नाही, हे दुर्दैव.

आपले संविधानही वेगळे सांगत नाही. मादक पेये आणि आरोग्याला घातक अंमली पदार्थ यांचा उल्लेख अनुच्छेद ४७ मध्ये आहे. तो अनुच्छेद कशाबद्दल आहे? पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याबद्दल. म्हणजे संविधानाने हा प्रश्न दवाखान्याच्या शेजारी ठेवला होता. राज्यकर्त्यांनी तो उचलून तुरुंगात नेला. खुद्द एनडीपीएसच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे, कलम ३९ मध्ये न्यायालयाने त्याला उपचारासाठी सोडण्याची तरतूद आहे. ही कलमे कागदावर झोपलेली आहेत, कारण आपल्या वस्तीजवळ पोलीस चौकी आहे, पण व्यसनमुक्ती केंद्र नाही.

लढाई जिंकता येते

किमान शिक्षेला हात लावता येत नाही, असे नाही. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड विधानातले सक्तीच्या फाशीचे कलम ३०३ रद्द केले. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला विवेक वापरूच द्यायचा नाही, हे समतेच्या आणि जीविताच्या हक्काविरुद्ध आहे, असे त्यामागचे तत्त्व. २००० मध्ये महाराष्ट्रातल्याच दादू खटल्यात एनडीपीएसच्या कलम ३२-अ चा काही भाग गेला. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार न्यायालयाला परत मिळाला. १६ जून २०११ रोजी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएसमधली फाशी सक्तीची नाही, ऐच्छिकच मानावी लागेल, असा निकाल दिला. २०१४ मध्ये संसदेला कायदा तसा बदलावा लागला. फाशीची सक्ती जर संविधानात बसत नाही, तर दहा वर्षांची सक्ती कशी बसते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कमाल शिक्षा वीस वर्षांची राहू द्या. मोठ्या तस्कराला ती जरूर द्या. पण विशेष कारणे नोंदवून दहा वर्षांच्या खाली येण्याची मुभा न्यायाधीशाला द्या. वजन शुद्ध पदार्थाचे धरा. कलम ३७ च्या अटी काढा किंवा निदान ठरावीक मुदतीत खटला संपला नाही तर जामीन हक्काचा करा आणि तो गरिबाला झेपेल अशा अटींवर द्या. दंड न भरल्याबद्दलची जादा कैद आरोपीची ऐपत पाहून ठरवा. २०१२ मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कैद तीन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणली, ते तत्त्व कायद्यात लिहा. आणि सेवन करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, रुग्ण माना.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. काही गोष्टी प्रत्येक विहारात सांगितल्या गेल्या पाहिजेत. पोलीस अंगझडती घेणार असतील तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा कलम ५० नुसार हक्क आहे आणि तो आधी सांगणे बंधनकारक आहे, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, पिशवीच्या झडतीला तो लागू नाही, हेही लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ठरले आहे. मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले गेले का, हे पहिल्याच तारखेला वकिलाला विचारायला लावा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. तिथे अर्ज करा आणि मिळालेला वकील काम करतो की नाही, यावर संघटनेने लक्ष ठेवा.

आमच्यातले जे शिकून वकील झाले, त्यांच्यावर याची जबाबदारी अधिक आहे. जयंतीच्या बॅनरवर नावापुढे ॲडव्होकेट छापून घेणे सोपे आहे. महिन्यातून एक दिवस तुरुंगात जाऊन तारखा हरवलेल्या पोरांची यादी करणे कठीण आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या हाती कायदा दिला तो याच कामासाठी. प्रत्येक जिल्ह्यात दहा वकिलांनी ही यादी हाती घेतली तर वर्षभरात उच्च न्यायालयापुढे एवढे कागद उभे राहतील की सरकारला उत्तर द्यावेच लागेल. या कामाला जे तयार असतील, त्यांनी आपल्या भागातल्या विहारात येत्या पौर्णिमेलाच बैठक बोलवावी. आम्ही येऊ.

जयभीम!